गडगड्यांची मतं आणि साडूंचा आवाज

पडदा वर जातो. डाव्या अंगाला चष्म्यांचं दुकान, उजव्या अंगाला धुलाई-इस्त्रीचं, आणि मधोमध, दोघांनी दोन्हीकडून कोपरं मारून चेपलंय असं वाटावं, असं सात फुटांचं एक दुकान. दर्शनी टेबल. टेबलावर मान वाकवलेला दिवा, आणि दिव्याखाली त्याच्याहून वाकलेली एक माणसाची मान. चेहरा दिसायला जरा थांबावं लागेल, कारण हे गृहस्थ सकाळी नऊपासून कुणाच्या ना कुणाच्या उघड्या फोनात डोकं घालून बसलेले असतात. उजव्या हाताशी लोहचुंबकाची पट्टी, तिच्यावर तिळाएवढे स्क्रू, निघाले त्याच क्रमाने रांगेत. टेबलासमोर गिऱ्हाइकांचा बाक. त्याचं डावं टोक बरीच वर्षं माझं आहे. आणि मागे निळा पडदा. पडद्यापलीकडे शिलाई मशीन, मशीनवर या गृहस्थांच्या पत्नी, आमच्या वहिनी. लोकांचे कपडे आत घेणं, बाहेर सोडणं, आखूड करणं हे त्यांचं काम. मशीन दिवसभर चालतं.

नाटकाला याहून जास्त काही लागत नाही.

गृहस्थांना आम्ही गडगडे म्हणतो. ते त्यांचं आडनाव नव्हे. आमच्या नाटक कंपनीत ते आवाजाची बाजू सांभाळायचे. टेपवरच्या विजांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. विंगेत पुरुषभर उंचीचा पत्रा टांगून ते स्वतः हलवायचे आणि असा गडगडाट काढायचे की पहिल्या रांगेतले लोक छताकडे बघायचे. एकदा मी राजाच्या वेषात मरत असताना त्या गडगडाटाला टाळी पडली. कडकडून. मी मरता मरता हात जरा उंचावून ती घेतली. विंगेत आल्यावर ते एवढंच म्हणाले, "राजे, ती माझी होती." पुढे दोन दिवस अबोला. तेव्हापासून मी राजे आणि ते गडगडे. ती टाळी त्यांची होती हे मी इथे लेखी कबूल करतो. फार उशीर झाला, पण कबूल करतो.

कंपनी बंद पडल्यावर त्यांनी हे दुकान काढलं. आधी रेडिओ आले, मग टेप, मग फोन. हात कलावंताचा आहे. मेलेला म्हणून फेकायला काढलेला फोन ते उठवून बसवतात आणि वर त्याच्या मालकाला रागावतात.

पण त्यांची खरी हौस वेगळीच. रोज दुकान उघडल्यावर ते तंत्रज्ञानाच्या बातम्या वाचतात. कुठल्या कंपनीने काय काढलं, काय बंद केलं, कालपर्यंत फुकट असलेलं कुठलं ॲप आजपासून दरमहा वर्गणी मागतंय. आणि प्रत्येक बातमीवर त्यांचं मत असतं. फोन दुमडायला लागले तेव्हा म्हणाले, ज्याला बिजागरी आली त्याला म्हातारपण आलं, माझ्या गुडघ्याला विचारा. मनगटावरचं घड्याळ माणसाला 'उठा, चाला' असं सांगू लागलं तेव्हा म्हणाले, हे काम माझे वडील करायचे आणि त्यांना रोज चार्जिंगला लावावं लागत नव्हतं. आता मशीन आपली पत्रं लिहून देतं आणि समोरच्याचं मशीन ती वाचून त्याला सारांश सांगतं, तर गडगड्यांचं म्हणणं असं की दोन मशीनं एकमेकांची ख्यालीखुशाली विचारताहेत आणि आपण मध्ये उभे, विजेचं बिल भरायला.

ही मतं ते कुणाला सांगतात? फोनला. दुरुस्ती झाली की माइक तपासावा लागतो. दुसरा कारागीर 'हॅलो हॅलो, एक दोन तीन' म्हणून मोकळा होईल. गडगड्यांना ते पटत नाही. त्यांच्या मते एक दोन तीनमध्ये आवाजाला चढउतार नाही, राग नाही, श्वास नाही, मग माइकची परीक्षा ती कसली? म्हणून ते रेकॉर्डिंग सुरू करतात आणि मान खालीच ठेवून त्या दिवसाच्या बातमीवरचं मत फोनला ऐकवतात. मग स्वतः ऐकतात. पुन्हा एकदा ऐकतात. मान डोलावतात आणि फोन गिऱ्हाइकाच्या हातात ठेवतात. रेकॉर्डिंग पुसायचं राहून जातं. आमच्या भागात निदान दोनशे फोनांत गडगड्यांचं एकेक मत पडून असेल, आणि मालकांना पत्ता नसेल.

बाकावर मी ऐकतो. चष्मेवाला गिऱ्हाईक नसलं की येऊन ऐकतो. आम्ही हसतो, दाद देतो. पण आमच्या दादेचं त्यांना फारसं काही नसतं. वाक्य चांगलं जमलं की त्यांची नजर पडद्याकडे जाते. पडद्यामागे मशीन चालूच असतं. बत्तीस वर्षांचा संसार, आणि त्यांच्या एकाही वाक्याला ते मशीन थांबलेलं मी ऐकलं नाही. माणसाला दुसरं काही नको होतं हो. मशीन एकदा थांबायला हवं होतं.

आणि एका सकाळी ते थांबलं. आतून हसण्याचा आवाज आला. साधं हसणं नव्हे, डोळे पुसायला लावणारं. गडगड्यांनी मान वर केली. बातमीवर तर ते अजून काही बोललेच नव्हते. वहिनी पडदा सारून फोन हातात घेऊन बाहेर आल्या. "अहो, बघा तरी, भावोजी काय सुरेख बोलतात."

भावोजी म्हणजे वहिनींच्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणून गडगड्यांचे साडू. यांनी बस स्थानकावर तीस वर्षं घोषणा केल्या. अमुक ठिकाणी जाणारी गाडी तमुक फलाटावर लागत आहे. आवाज असा की गाडी चुकलेल्या माणसालाही वाईट वाटू नये. प्रत्येक शब्दाखाली जणू उशी ठेवलेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी खोलीत एक दिवा आणि एक स्टँड लावला, पांढरा सदरा घातला, आणि 'सोप्या भाषेत तंत्रज्ञान' या नावाने बोलायला सुरुवात केली. दर गुरुवारी नवा भाग. चाळीस हजार लोक बघत होते.

"ह्या माणसाला चार्जरची पिन कुठल्या बाजूने घालायची ते मी दाखवलंय," गडगडे म्हणाले.

"असेल," वहिनी म्हणाल्या, "पण सांगतात किती गोड." आणि आत गेल्या. त्या दिवसापासून गुरुवारी सकाळी मशीन अर्धा तास बंद.

राजाच्या भूमिका करून मत्सर मी पुष्कळ रंगवला. ओठ चावायचे, मुठी वळायच्या. खरा मत्सर असा नसतो हे मला त्या बाकावर कळलं. खरा मत्सर आकडे बघतो. सकाळी बातम्यांच्या आधी गडगडे साडूंच्या प्रेक्षकांची संख्या बघू लागले. "दोनशे अकरा वाढले," असं दाढदुखी सांगावी तसं सांगायचे. साडूंच्या सदऱ्याची कॉलर, दिव्याचा कोन, मागच्या कपाटातली न वाचलेली पुस्तकं, सगळ्यावर त्यांचं म्हणणं होतं. हजारो लोकांचे पसंतीचे अंगठे आणि प्रत्येक भागाखाली एकच नापसंतीचा. तो कुणाचा हे मी सांगणार नाही. चष्मेवाल्याने विचारलं तेव्हा दिव्याखालची मान मागून लाल झाली होती.

एवढ्यावर भागलं असतं. पण एका गुरुवारी जेवताना वहिनींना हसू आवरेना. मीही डबा घेऊन तिथेच होतो. त्या सांगू लागल्या, भावोजी आज म्हणाले, सॉफ्टवेअरचं अपडेट म्हणजे न सांगता आलेला पाहुणा. येतो, घरातलं सगळं सामान हलवतो, आणि वर म्हणतो, आता बघा कसं ऐसपैस वाटतंय.

गडगड्यांचा घास हातात राहिला. "हे मी म्हटलंय."

"कधी?"

"मागच्या मंगळवारी. ह्याच दुकानात. राजे, सांगा."

मी शपथेवर सांगितलं. वहिनी माझ्याकडे प्रेमाने बघत म्हणाल्या, तुम्ही काय, यांच्या बाजूनेच बोलणार. मग नवऱ्याला म्हणाल्या, "दिवसभर तुम्ही पुटपुटत असता ते मी ऐकते ना. असलं काही नसतं त्यात."

माझ्या मते घाव तिथे बसला. वाक्य चोरीला गेलं त्याचं तितकंसं नव्हतं. आपल्या वाक्याला आपली बायको हसली, आणि ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर हसली, हे भयंकर होतं.

पुढच्या गुरुवारी घड्याळाचं वाक्य आलं, वडिलांसकट. त्याच्या पुढच्या गुरुवारी दोन मशीनं आणि विजेचं बिल. गडगडे सैरभैर झाले. दुकानात कुणी हेर आहे म्हणू लागले. दोन दिवस चष्मेवाल्याला चहा दिला नाही. माझ्याकडेही जरा तिरकं बघून झालं. जुनी टाळी आठवत असावी.

उलगडा भिंगाखाली झाला. साडूंचा फोन दुरुस्तीला आला होता, माइक चालत नाही म्हणून. दीड महिन्यात तिसऱ्यांदा. आजवर गडगडे माइकचं भोक सुईने साफ करून, तपासून, परत करत होते. मनातल्या मनात 'नीट वापरताही येत नाही' असं म्हणत. या वेळी त्यांनी सुईच्या टोकावर काय आलं ते भिंगाखाली धरलं. गुलाबी होतं. त्यांनी वास घेतला, मला दिला. साबण. साडूंच्या मोरीत जो असतो तोच.

गडगड्यांनी सुई खाली ठेवली. "मुद्दाम भरतो," ते म्हणाले. "माइक बिघडवून पाठवतो. म्हणजे मी तपासणार. तपासणार म्हणजे बोलणार." साडू दर आठवड्याला नात्यागोत्यातल्या कुणाकुणाचे फोनही आणून द्यायचे, आणि आम्ही समजत होतो, भला माणूस, दुकानाला गिऱ्हाईक आणतोय.

मी म्हटलं, मग आत्ताच फोनात शोधा, रेकॉर्डिंगं सापडतील, वहिनींसमोर ठेवा. गडगडे माझ्यावरच चिडले. त्यांचा धंद्याचा एक नेम आहे: गिऱ्हाइकाचा फोन उघडायचा, आत बघायचं नाही. मत्सराने माणूस अर्धा झाला होता, पण नेम मोडायला तयार नव्हता. हे बघून मला त्यांचा फार अभिमान वाटला, आणि पुढच्याच क्षणी त्यांनी तो धुळीला मिळवला. त्यांनी रेकॉर्डिंग सुरू केलं आणि मान खाली घालून, साखरेसारख्या आवाजात बोलले: मित्रहो, फोन पाण्यात पडला तर घाबरू नका, तवा मंद आचेवर ठेवा, फोन त्यावर पालथा घाला आणि दहा मिनिटं शेकून घ्या. मग फोन बंद करून पिशवीत घातला आणि साडूंकडे पाठवून दिला.

दोन दिवस माणूस खुशीत. शीळ घालत होता. बुधवारी मी म्हटलं, गडगडे, चाळीस हजार लोक आहेत. निदान शंभर जण तरी तवा तापवतील.

"तापवू देत. येतील माझ्याकडेच."

"बॅटरी फुटेल कुणाची."

 गडगड्यांची नजर नेहमीसारखी पडद्याकडे गेली. मशीन चालू होतं. वहिनींचा फोन मशीनशेजारच्या खिडकीत, पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवलेला असतो. आजवर दोनदा त्या तांब्याखाली भिजून झालाय. गडगड्यांनी दिवा मालवला. "ही ठेवेल तव्यावर," ते उठत म्हणाले. "मी शंभर वेळा नको म्हटलं तरी ठेवेल. त्याचं ऐकते ती."

आम्ही दोघे भर दुपारी साडूंच्या घरी गेलो. दोन जिने चढून गडगड्यांना धाप लागली होती, आणि दार उघडताच त्यांनी त्या धापेतच सांगितलं की तव्याचं घेऊ नका, ते खोटं आहे. साडू शांतपणे म्हणाले, आधी बसा. आम्ही बसलो. दिवा, स्टँड, पुस्तकांचं कपाट, सगळं तिथेच होतं. पडद्यावर दिसतं त्यापेक्षा खोली फार लहान होती.

"ते मी घेतलंच नव्हतं," साडू म्हणाले.

"का?"

"तुमचं वाटलं नाही. तुम्ही कधी सल्ला देत नाही, साडूभाऊ. तुम्ही चिडता. ह्यात चिडणं नव्हतं. मी हिला म्हटलंसुद्धा, यांची तब्येत बरी नाही की काय."

 गडगड्यांनी साबणाचं विचारायला तोंड उघडलं तोवर साडूंनीच खणातून एक वही काढून पुढे केली. गडगड्यांचं एकेक वाक्य, एका पानावर एक, मोत्यासारख्या अक्षरात. कुठे थांबायचं तिथे लाल रेघ. साडूंच्या डोळ्यांत चोरी केल्याचा भाव नव्हता आणि ते मला आधी कळेना. मग त्यांनी सांगितलं. तीस वर्षं खिडकीतून चिठ्ठी यायची आणि ते ती वाचायचे. चिठ्ठी कुणी लिहिली ते घोषणेत सांगायची पद्धत नव्हती. निवृत्तीनंतर कॅमेऱ्यासमोर बसले, दोन महिने बसले, आणि त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला एकही वाक्य सुचत नाही. तेव्हा फोन दुरुस्तीहून आला. त्यात एक आवाज होता.

"चिठ्ठी आली असं वाटलं," साडू म्हणाले. "वाचली."

मी नट माणूस, रुमाल काढला. गडगड्यांनी काढला नाही. त्यांनी वही पुढून मागून चाळली, एका ठिकाणची लाल रेघ चुकीची आहे म्हणाले, आणि थांबायची जागा कुठली ते दाखवलं. साडूंनी लगेच दुरुस्त केली.

मग साडू म्हणाले, अन्याय झालाय खरा, आता तुम्हीच बोला. त्यांनी गडगड्यांना आपल्या खुर्चीत बसवलं, दिवा लावला, कॅमेरा सुरू केला. आयुष्यभर विंगेत उभा राहिलेला माणूस उजेडात आला. मी हाताने खूण केली: हं, सुरू. गडगडे कॅमेऱ्याकडे बघत म्हणाले, "नमस्कार. मी फोन दुरुस्त करतो." त्यानंतर जे झालं त्याला रंगभूमीवर मोठी शांतता म्हणतात. दोन मिनिटं. शेवटी त्यांचा हात खिशाकडे गेला, स्वतःचा फोन काढून त्यांनी त्यात मान घातली तेव्हा कुठे श्वास घेतला.

तह झाला तो असा. गडगड्यांनी दुकानातच, मान खाली घालून बोलायचं. साडूंनी वाचायचं. आणि चिठ्ठी कुणाची ते प्रत्येक भागात नाव घेऊन सांगायचं. साबण बंद.

परतताना रस्ताभर गडगडे धुमसत होते. मला वाटलं, जिंकल्यावर माणूस असा का चालतोय? कोपऱ्यावर थांबून म्हणाले, माझं वाक्य कुठलं आणि नकली कुठलं, हे त्याला कळलं. नेमकं त्यालाच कळावं? मी म्हटलं, उद्या घरातही कळेल.

गुरुवार उजाडला. गडगडे दाढी करून आले होते. हातात फोन नव्हता, टेबलावर एक स्क्रू नव्हता. नुसते बसले होते. चष्मेवाला दुकान उघडं टाकून बाकावर. ठरल्या वेळी पडद्यामागे मशीन थांबलं. वहिनींनी कानात काही घातलं नव्हतं, त्यामुळे आम्हालाही ऐकू येत होतं. साडूंचा तो उश्यांवरून चालणारा आवाज. विषय होता, फोनला मागे लागलेले चार-चार कॅमेरे. साडू म्हणाले, पूर्वी घरात एक फोटो असायचा आणि त्यात सगळे असायचे. आता फोनला चार डोळे आहेत, आणि घरातली माणसं एकमेकांना दिसत नाहीत. एक श्वास थांबले, अगदी बरोबर लाल रेघेवर, आणि मग म्हणाले, हे वाक्य माझं नाही. आजवरची बरीचशी वाक्यं माझी नव्हती. ती आमच्या साडूंची आहेत. आणि त्यांनी गडगड्यांचं खरं नाव घेतलं, आडनावासकट, दुकानाच्या पत्त्यासकट, दूरच्या गावाला निघालेल्या गाडीची घोषणा करावी तशा इतमामाने.

पडद्यामागे काहीच आवाज नाही. मशीन बंद. फोन बंद. गडगडे खुर्चीत ताठ. मी आयुष्यात कुणाच्या प्रवेशाची इतकी वाट पाहिली नाही.

पडदा सरला. वहिनी बाहेर आल्या. डोळ्यांत पाणी होतं, गळ्यात मापाची फीत तशीच. नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला, जो एरवी आमच्यासमोर त्यांनी कधी ठेवला नसता.

"ऐकलंत ना?" त्या म्हणाल्या. "चाळीस हजार लोकांसमोर सरळ सांगून टाकलं. कोण सांगतं हो असं? भावोजींचं मन केवढं मोठं आहे."

चष्मेवाला उठून आपल्या दुकानात गेला. गडगड्यांनी हळूच दिवा लावला, टेबलाखालून कुणाचा तरी फुटका फोन काढला, मान खाली घातली, आणि स्क्रू सोडवता सोडवता म्हणाले:

"सांग त्यांना, पुढच्या गुरुवारपासून माझं नाव घेऊ नका म्हणावं."